एका नकाशाची अनेक घरे

स्कॉटलंडमध्ये पाळकाच्या निवासस्थानाला मॅन्स म्हणतात. हायलँड्स आणि बेटांवर चर्च बांधण्यासाठी ब्रिटिश संसदेने 1823 च्या कायद्याने 50,000 पौंड दिले. एका ठिकाणचे चर्च आणि मॅन्स मिळून 1,500 पौंडांत बसवायचे, अशी अट होती. काम आले अभियंता थॉमस टेलफर्ड याच्याकडे. मॅन्ससाठी नमुने दोनच ठरले: एक बैठे घर, दुसरे वर मजला असलेले. एकच नकाशा गावोगाव उभा केला, त्यात वास्तुकला कुठली, असा आक्षेप यावर घेतला जातो. मला तो पटत नाही. नकाशा ठरलेला असला की पैसा कुठे लावायचा, याचा निर्णय भिंतीवर स्वच्छ वाचता येतो. या घरांत घडीव दगड कोपऱ्यांना आणि दारा-खिडक्यांभोवती लावला, कारण नेमकी कड तिथेच लागते. उरलेली भिंत डबराची. तिच्यावर चुना आणि जाड वाळू-खडी पातळ कालवून जोराने फेकायची. या कामाला तिकडे हार्लिंग म्हणतात. फेकीच्या जोराने माल दगडांच्या सांध्यांत बसतो आणि खडबडीत पृष्ठभागामुळे ओल सुकायला वाव मिळतो. सागरी वाऱ्यापावसात ही शोभा नसून घराचे कवच आहे.

दुसरा आक्षेप असा की, गवताने शाकारलेल्या घरांच्या वस्तीत स्लेटच्या छपराचे मॅन्स परके वाटत असणार. हे खरे आहे. पाळकाचा दर्जा त्या घरातून दिसत होता आणि नकाशाही बाहेरून आला होता. पण त्याच वाऱ्यापावसाला तोंड देण्याचे शहाणपण त्या बांधणीत आहे, हे त्यामुळे खोटे ठरत नाही. आयोना बेटावर 1828 चे चर्च आणि त्याचे मॅन्स आजही उभे आहेत. म्हणूनच जुनी भिंत ‘मूळ दगड दाखवण्यासाठी’ खरवडणे किंवा तिला टिकाऊ म्हणून सिमेंट चढवणे, दोन्ही चूक. उघड्या पडलेल्या डबराच्या सांध्यांतून पाणी आत शिरते. सिमेंट कडक असल्याने तडकते, तड्यातून पाणी घेते आणि बाहेर पडू देत नाही. चुन्याचा गिलावा अधूनमधून नव्याने करावा लागतो, हे मान्य. पण तो झिजतो म्हणूनच दगड वाचतो. या मॅन्सचे जतन करायचे तर नकाशाइतकाच चुना जपला पाहिजे, कारण इथली वास्तुकला रेखाटनात जेवढी आहे तेवढीच गवंड्याच्या हातातही आहे.