चेहरा आपलाच दिसावा!

"आत्या, तू तरी बाबांना समजाव ना!"

दिवाळीत इंदापूरला माहेरी गेले आणि भाचीने मला स्वयंपाकघरातच गाठलं. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली पोर. तिला फॅशन फोटोग्राफर व्हायचंय. दादाचं एकच पालुपद, "बीएड कर. कॅमेऱ्याने पोट भरतं का कुणाचं?"

मला मात्र माझा लग्नाआधीचा फोटो आठवला. स्थळांना पाठवायला 'चांगला' फोटो हवा, म्हणून अप्पांनी मला एसटीने बारामतीला नेलं होतं. भवानीनगर येईपर्यंत गजराही सुकून गेला. स्टुडिओत पावडरचे थर चढले. फोटोवाल्याने मान तिरकी केली आणि म्हणाला, "हसू नका, दात दिसतात." मी श्वासच रोखून धरला! वर त्याने ब्रशने माझा रंगही उजळ करून दिला. बघायला आलेल्या मंडळींनी एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "फोटोत उजळ दिसते," एवढंच बोलून त्या बाई उठल्या. पोहे तसेच राहिले. अप्पा त्या रात्री जेवले नाहीत.

पुढे बारामतीचंच सासर मिळालं, सगळं छान झालं. पण कॅमेरा दिसला की आजही माझी मान आखडते. म्हणूनच गौतम राजाध्यक्षांनी काढलेले फोटो मी पुनःपुन्हा बघत बसते. चेहऱ्यावर मऊ उजेड आणि समोरच्या माणसाचा मोकळेपणा, ही त्या फोटोंची ओळख.

रात्री जेवणं झाल्यावर मी दादाला म्हटलं, "ऐक जरा. राजाध्यक्षसुद्धा केमिस्ट्रीचेच पदवीधर. जन्म १९५०चा. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात शिकले, तिथेच दोन वर्षं शिकवलंही. १९७४मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात लागले. १९८०मध्ये शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ यांचे फोटो काढले आणि फॅशनच्या फोटोंची वाट सुरू झाली. पण नोकरी सोडली ती १९८७मध्ये! सात वर्षं दोन्ही सांभाळलं त्यांनी. १९९७मध्ये त्यांचं 'फेसेस' पुस्तक आलं. त्यात दुर्गा खोटेंपासून ऐश्वर्या रायपर्यंत ४५ कलावंत आहेत. मराठी 'चंदेरी'चं संपादनही केलं. २०११च्या सप्टेंबरमध्ये गेले, तेव्हा एकसष्टी तीन दिवसांवर होती."

"ते मुंबईचे गं. इथे कुठली आलीय फॅशन?" दादा म्हणाला.

"का? बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कात आपल्या बायका कपडे शिवतात. साड्या-दागिन्यांची दुकानं आता मोबाइलवर माल दाखवतात. त्याला फोटो लागतोच ना? आणि पोरीने आधी नोकरी धरावी. कॅमेरा जुना घेऊ, थोडे पैसे मी घालते."

दादा गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारात पावटा सोलत बसले होते. भाची समोर उकिडवी बसून आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, गमती विचारत होती. आई एकदा भिगवणच्या बाजारातून दुसऱ्याच बाईची पिशवी घेऊन आली होती, ते सांगताना मला हसू आवरेना. पोरीने मोबाइल कधी उचलला, कळलंही नाही.

फोटोत माझे दात दिसतात. रंगही माझाच, सावळा. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आहेत. मान मात्र सरळ आहे!

दादाने तो फोटो बराच वेळ बघितला. "अगदी आईसारखी दिसतेस," म्हणाला. मग लेकीकडे वळून, "बीएडचा फॉर्म तर भरून ठेव," असं पुटपुटला. पण जाता जाता म्हणाला, "तो फोटो मला पाठव."

मैत्रिणींनो, पोरीबाळींचा फोटो काढताना त्यांना मान तिरकी करायला सांगू नका. जरा गप्पा मारा. आणि एखादीला कॅमेऱ्याच्या मागे उभं राहायचं असेल, तर तिच्या बापाशी बोलायला आत्या, मावशी आहोतच की आपण!