घरचे प्राणी (५) : अंगावर पिणारे पिल्लू

कुत्र्याचे पिल्लू आईपासून तोडायचे ते आठ आठवडे पुरे झाल्यावर, असा सर्वसाधारण संकेत आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनी त्याला कायद्याचे बळ दिले. त्याहून लहान पिल्लू विकता येत नाही. पण भिवंडीत घरी येणारे पिल्लू विकत घेतलेले असतेच असे नाही. रस्त्यावरच्या कुत्र्या पावसाळा सरता सरता माजावर येतात आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत जागोजागी वितात. माणकोली-दापोड्याच्या गोदामांचे फलाट, कामतघर-पद्मानगरच्या यंत्रमाग कारखान्यांमागचे बोळ, उभ्या ट्रकांखालची जागा, जिथे आडोसा मिळेल तिथे. तिथून एखादा रखवालदार, ड्रायव्हर किंवा शाळेतला मुलगा तीन-चार आठवड्यांचे पिल्लू उचलून आणतो. विक्रेत्यांची गत फार वेगळी नसते. पाचव्या आठवड्यातले पिल्लू सर्वांत गोंडस दिसते आणि नेमके तेव्हाच त्याचे खाणे वाढू लागते, त्यामुळे नियम काहीही म्हणोत, ते तेव्हाच खपवण्याची घाई असते. म्हणून सांगितलेल्या वयावर विसंबू नये. ते पिल्लाच्या अंगावरूनच ताडता येते.

डोळे मिटलेले असतील तर पिल्लू दोन आठवड्यांच्या आतले. डोळे साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात, कान त्यानंतर चार-सहा दिवसांनी. हिरडीवर बोट फिरवून दात लागत नसतील तर तीन आठवडे अजून झालेले नाहीत. पुढचे बारीक दात आणि सुळे तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात फुटतात, मागच्या दाढा त्यानंतर. आठव्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे सगळे २८ दात तोंडात असतात. डगमगत चालणारे आणि सुळे नसलेले पिल्लू ‘दीड महिन्याचे’ असू शकत नाही, मग देणारा कितीही छातीठोकपणे सांगो.

एवढे लहान पिल्लू हाती आले आणि त्याची आई जिवंत असल्याचे ठाऊक असेल, तर सर्वांत चांगली निगा म्हणजे ते परत नेऊन ठेवणे. माणसाचा हात लागला की कुत्री पिल्लाला टाकते, ही समजूत खोटी आहे. एकटी दिसणारी पिल्लेही बहुधा पोरकी नसतात. आई खाण्याच्या शोधात गेलेली असते. लांबून दोन-चार तास लक्ष ठेवले की ती परतताना दिसते. पुढचे विवेचन ज्याला परत न्यायला आई उरलेली नाही अशा पिल्लासाठी आहे. अशा पिल्लाच्या बाबतीत माणसाला आईची कामे एकेक करून अंगावर घ्यावी लागतात, आणि त्यांतले पहिले काम दूध पाजण्याचे नसते.

पहिले काम उबेचे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या शरीराचे तापमान ३५ ते ३६ अंश सेल्सिअस एवढेच असते आणि थंडी वाजली तरी त्याला कुडकुडता येत नाही. अंगात उष्णता निर्माण करण्याची ती यंत्रणा नंतर सुरू होते. चौथ्या आठवड्याच्या आसपास अंगाचे तापमान ३८ अंशांच्या जवळ पोचते. तोवर ऊब बाहेरून, आईच्या पोटाची आणि भावंडांच्या गर्दीची मिळालेली असते. घरात आणून लादीवर किंवा पातळ चादरीवर ठेवलेले पिल्लू पौषातल्या पहाटे गार पडते, तेही आवाज न करता. त्यासाठी पुठ्ठ्याचा खोल खोका घ्यावा (गोदामांच्या शहरात त्याची वाण नाही), तळाला वर्तमानपत्र, त्यावर जुनी लोकर किंवा टॉवेल घालावा. कोमट पाण्याची बाटली वा शेकायची पिशवी फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे नकोसे झाल्यास पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता येते. बाटली दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते. खोक्यावर दिवा टांगण्याची जुनी युक्ती एलईडी दिव्यांच्या काळात निकामी झाली आहे. त्यांतून उजेड येतो, ऊब येत नाही. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाभोवतीची हवा ३० ते ३२ अंश असावी, पुढे ती हळूहळू कमी करत न्यावी. पुरेशी ऊब आहे की नाही हे पिल्लू स्वतःच सांगते: थंडी वाजणारे अंग आकसून किरकिरते, उकडणारे हातपाय पसरून धापा टाकते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली सगळे उलट होते. तिथे वाऱ्याची आणि सावलीची सोय पाहावी लागते.

गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध ओतणे ही सर्रास होणारी आणि जीव घेणारी चूक आहे. अंग ३४-३५ अंशांच्या खाली गेले की आतड्यांचे काम थांबते. पोटात गेलेले दूध तसेच पडून राहते, उलटून येते आणि श्वासनलिकेत उतरते. असे पिल्लू आधी कपड्याच्या आत, माणसाच्या अंगाशी धरून तासा-दोन तासांत हळूहळू गरम करावे. ते लुळे पडले असेल तर हिरड्यांना मधाचे बोट किंवा ग्लुकोजचे दाट पाणी चोळावे. रक्तातली साखर उतरल्याने आलेली ग्लानी त्याने पुष्कळदा सावरते. दूध त्यानंतर.

दूध कोणते, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कुत्रीच्या दुधात साधारण नऊ-दहा टक्के स्निग्धांश आणि सात-आठ टक्के प्रथिने असतात. गाईच्या दुधात दोन्ही निम्म्याहून कमी. उलट दुधातली साखर मात्र जास्त, आणि तीच पिल्लाला हगवण लावते. त्यात पाणी घातले की पिल्लाचे पोट भरते पण वजन वाढत नाही. पिल्लांसाठीची दुधाची पावडर प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते, तीच डब्यावरच्या प्रमाणात कालवून द्यावी. रात्रीची नड असेल तर कपभर पूर्ण सायीच्या दुधात एका अंड्याचा पिवळा बलक फेटून काम भागते, पण ती एक-दोन दिवसांची तडजोड. दूध-बिस्किट ही आपल्याकडची सर्वमान्य सोय. मैदा आणि साखर यांपलीकडे त्यात काही नाही, आणि दात न आलेल्या पिल्लाला तर ते सर्वथा वर्ज्य.

पाजण्याची पद्धत दुधाइतकीच महत्त्वाची आहे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजले तर दूध फुप्फुसात जाते. आईला पिताना पिल्लू पोटावर असते, मान किंचित वर. तसेच ठेवावे, लहान बाटलीने पाजावे, आणि दूध कोमट, अंगाच्या उबेइतके असावे. ड्रॉपर किंवा सिरिंज वापरलीच तर थेंबाथेंबाने. एका वेळी दर १०० ग्रॅम वजनामागे चार मिलिलिटरच्या आसपास दूध मावते. दिवसाकाठी साधारण वीस मिलिलिटर लागते. म्हणजे ४०० ग्रॅमच्या पिल्लाला सोळा मिलिलिटर, दिवसरात्रीत पाच वेळा. पहिल्या आठवड्यातले पिल्लू मात्र दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते. नाकातून दूध आले की थांबावे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून मांडून ठेवावे. वजन अडले वा उतरले, तर बाकी सारे ठीक दिसत असले तरी काहीतरी बिनसले आहे. पाजून झाल्यावरचे आईचे एक काम अनेकांना ठाऊक नसते. तीन आठवड्यांच्या आतले पिल्लू आपण होऊन शी-शू करत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा पोटाखाली आणि शेपटीखाली हळुवार फिरवला की ते काम होते. ते न केल्यास पिल्लाचे पोट फुगते आणि घरचे लोक अपचनाची औषधे शोधत बसतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पसरट ताटलीत दूध द्यायला सुरुवात करावी, मग त्यात पिल्लांचे तयार खाद्य भिजवून मऊ करून. घरचे द्यायचे तर मऊ भात, हाडे काढलेले शिजवलेले चिकन, उकडलेले अंडे, थोडे दही. नुसता दूधभात वा दूधपोळी वाढत्या हाडांना पुरत नाही. कांदा, लसूण, मनुका-द्राक्षे, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे देऊ नयेत. फोडणीच्या वरणात यांतल्या दोन वस्तू बहुधा असतातच. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागते.

जन्मल्यावर पहिल्या दिवसात मिळालेल्या चिकातून आईची रोगप्रतिकारशक्ती पिल्लात उतरते. ती आठवड्यागणिक ओसरत जाते, पण ओसरेपर्यंत दिलेली लसही निष्प्रभ करते. ती कोणत्या आठवड्यात पुरती संपेल हे पिल्लागणिक बदलते, म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत लस पुन्हा पुन्हा टोचतात. एक टोचून झाली, कार्डावर शिक्का पडला, आता काळजी नाही, या समजुतीने बरीच पिल्ले पार्व्होला बळी पडतात. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलांना चिकटून घरात येतो. उलट्या, मग रक्ताची दुर्गंधीयुक्त हगवण, आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू. फिनेलने तो मरत नाही; फरशी आधी धुऊन एका भागाला तीस भाग पाणी घातलेल्या ब्लीचने पुसावी लागते. ज्या घरात आधीचे पिल्लू असे गेले, तिथे लस पूर्ण न झालेले दुसरे लगेच आणू नये. आजारी पिल्लाला परळला, १८८६ साली सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाशेजारच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात नेण्याची पद्धत आहे. पण काशेळी-माजिवड्याच्या वाहतूककोंडीतून कोरडे पडलेले पिल्लू तिथवर टिकेलच असे नाही. आधी गावातल्या पशुवैद्याकडून सलाइन लावून घ्यावे.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात देतात. तोवर, विशेषतः रस्त्यावरून आणलेले पिल्लू चावले किंवा नखाने ओरबाडले तर ‘एवढेसे तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये. पिल्लांनाही रेबीज होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या ओळखीच्या आयजीएममध्ये, जाऊन इंजेक्शनांचा क्रम पुरा करावा.

जंत तर बहुतेक पिल्ले जन्मतःच घेऊन येतात: गोल जंत गर्भातच, अंकुशजंत दुधातून. टम्म पोट आणि वर आलेल्या फासळ्या हे खात्यापित्या पिल्लाचे लक्षण नव्हे. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला आठव्या आठवड्यापर्यंत आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतांचे औषध द्यावे, मात्रा वजनावर पशुवैद्याकडून ठरवून. हे जंत मुलांनाही बाधतात, तेव्हा पिल्लाला हाताळल्यावर हात धुण्याची शिस्त हवी. पिसवा आणि गोचिड्या बारीक फणीने व चिमट्याने काढाव्यात. रॉकेल, फिनेल किंवा मोठ्या कुत्र्याचे औषध चोळल्यास गोचिड्यांच्या आधी पिल्लू दगावते. आंघोळ नकोच, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे.

भिवंडीतले काही धोके खास तिथले. कांड्यांवरचे उरलेसुरले सूत कारखान्यातून घरात आणि घरातून पिल्लाच्या तोंडात जाते. लांब धाग्याचे एक टोक जिभेखाली वा पोटात अडकते, दुसरे पुढे सरकत राहते, आणि आतडे त्यावर चुण्या पडून कापले जाते. शेपटीखाली धागा लोंबताना दिसला तरी तो ओढू नये, पशुवैद्याकडेच न्यावे. गोदामांत आणि मागांवर उंदरांसाठी ठेवलेल्या विषांपैकी काही रक्त गोठू देत नाहीत. त्यांचा परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो, तोवर खाल्ल्याचा कुणाला पत्ता नसतो. उतारा म्हणून व्हिटॅमिन के असते, म्हणून विषाचे पाकीट फेकू नये, डॉक्टरांना दाखवावे. पावसाळ्यात कामवारीचे पाणी नदीनाका, तीनबत्तीकडे चढते तेव्हा त्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. लेप्टोस्पायरोसिसची लागण पिल्लालाही होते, त्याच्याकडून माणसालाही.

उरते ते शिकवण्याचे काम, जे आई आणि भावंडे खेळता खेळता करतात. जोरात चावले की खेळ थांबतो, हे पिल्लू भावंडांकडून शिकते. लवकर तुटलेले पिल्लू ते शिकलेले नसते. मारून ते कळत नाही. दात लागताच हात काढून घ्यावा, पाठ फिरवावी, मिनिटभराने पुन्हा खेळावे. पहिल्या रात्रींचे रडणे हट्टाचे नसते. खोका अंथरुणाशेजारी ठेवला की ते निवळते. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला ठरलेल्या जागी न्यावे. चुकल्यास नाक घासण्याच्या प्रकाराने ते फक्त लपून करायला शिकते.

तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जे दिसते, ऐकू येते, ते कुत्रा जन्मभर आपले मानतो, असे अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षे पिल्ले वाढवून दाखवले. त्यांचे पुस्तक १९६५ चे. मागाच्या खटखटीत वाढलेल्या पिल्लाला पुढे फटाक्यांचा त्रास कमी होईल याची हमी नाही, पण मागाची भीती तरी उरत नाही. मात्र नुकतेच उघडलेले कोवळे कान थेट मागाशेजारी ठेवू नयेत. गाड्या, मुले, छत्री, कुकरची शिट्टी हे सारे याच आठवड्यांत अंगवळणी पडायला हवे, आणि लस पुरी नसल्याने जमिनीवर तर सोडता येत नाही. तोडगा सोपा आहे: कडेवर घेऊन फिरवावे. सोळाव्या आठवड्यातल्या शेवटच्या डोसानंतर दोन आठवड्यांनी ते स्वतःच्या पायांनी रस्त्यावर जाऊ शकते. तोवर दुधाचे दात पडू लागलेले असतात, तेव्हा चपला तेवढ्या उंचावर ठेवाव्या.