खंडेनवमीचे यंत्रपूजन : जुन्या मोटारीचे अभ्यंगस्नान

आश्विन शुद्ध नवमी ही खंडेनवमी. ज्या साधनांच्या बळावर आपला चरितार्थ चालतो, त्यांच्यापुढे वर्षातून एकदा नतमस्तक व्हावे, हा या दिवसाचा संस्कार. शूरांनी खड्ग पुजावे, शेतकऱ्याने नांगर, सुताराने रंधा आणि विद्यार्थ्याने पाटी. गेल्या शतकात या मालिकेत मोटारही येऊन बसली. काही घरे तिची पूजा नवमीला करतात, काही दसऱ्याला. दिवस कोणताही असो, पुष्कळ घरी तिच्या वाट्याला बाहेरून धुणे, झेंडूचा हार आणि कुंकवाचे स्वस्तिक एवढेच येते. बॉनेटखाली वर्षानुवर्षांचे कीटण तसेच राहते. देव्हाऱ्यातील मूर्तीला स्नान न घालता गंध लावण्यासारखेच हे आहे.

शस्त्रपूजेशी निगडित असलेली शमीवृक्षाची कथा सर्वांना ठाऊक आहे. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली. महाभारताच्या विराटपर्वातील या प्रसंगाचा एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. शस्त्रे ठेवण्यापूर्वी पांडवांनी धनुष्यांच्या प्रत्यंचा सैल केल्या. नकुलाने झाडावर चढून पावसाचे पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी ती बांधून ठेवली. पुढे विराटपुत्र उत्तराने ती खाली काढली, तेव्हा त्यांच्या तेजाने तो दिपून गेला. ते तेज जसे दैवी होते, तसेच ते निगा राखल्याचेही फळ होते. पूजा आणि निगा या वेगळ्या गोष्टी नाहीत, हेच ही कथा सांगते.

पावसाळा सरल्यावर

या पूजनाचा काळही विचारपूर्वक ठरलेला दिसतो. चातुर्मासातील पाऊस ओसरतो, लोखंडावर गंज धरलेला असतो आणि सीमोल्लंघनापूर्वी हत्यारे परजून घ्यावी लागतात. जुन्या मोटारीला हा नियम तंतोतंत लागू पडतो. चार महिन्यांच्या दमट हवेने तिच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर चढतो. उबेला आलेले उंदीर बॉनेटखाली संसार थाटतात. गणरायाच्या वाहनाने आपल्या वाहनात घर केले नाही ना, हे म्हणूनच सर्वांत आधी पाहावे.

महाराष्ट्रातील जुनी मोटार म्हटली की डोळ्यांपुढे फियाट येते. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. तिचेच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामांतर झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअरचा दांडा ही तिची ओळख. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि मुंबईच्या रस्त्यावरील ही काळी-पिवळी इतिहासजमा झाली. घरोघरी जपलेल्या थोड्या गाड्या तेवढ्या उरल्या आहेत. त्यांच्या इंजिनाची काळजी घेणे हे एका पिढीच्या कष्टांचे स्मरणच होय.

इंजिनाचे स्नान

पूजेच्या आदल्या दिवशी, मोकळ्या हवेत आणि इंजिन पूर्ण थंड असताना हे काम हाती घ्यावे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. कार्ब्युरेटरचे तोंड, डिस्ट्रिब्यूटर आणि डायनामो प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी घट्ट झाकावेत. दगडासारखे झालेले कीटण लाकडी पट्टीने खरवडावे. लोखंडी पात्याने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे उठतात. नंतर ग्रीस काढणारे द्रावण ब्रशाने लावून पाच-दहा मिनिटे मुरू द्यावे. पूर्वी हे काम रॉकेल करी. पेट्रोल मात्र कदापि वापरू नये, कारण त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही भडकते. कॉस्टिक सोडाही टाळावा; तो अ‍ॅल्युमिनियम खातो.

जोराच्या पाण्याचा फवारा म्हणजे जुन्या इंजिनाला शिक्षाच. मंद धारेने किंवा ओल्या फडक्याने मळ काढावा आणि कोरड्या कापडाने प्रत्येक सांधा टिपून घ्यावा. स्वच्छ इंजिनाचा खरा लाभ शोभेपलीकडचा आहे. कीटणाखाली लपलेली तेलाची गळती, भेगाळलेली रबरी नळी, उंदराने कुरतडलेली तार यांची लक्षणे तेव्हाच डोळ्यांना दिसतात. पेट्रोलची नळी कडक झाली असेल, तर ती त्याच दिवशी बदलावी.

चकाकीच्या हौसेत एक पथ्य पाळावे. इंजिनावर आणि चासिसवर ठोकलेले क्रमांक घासू नयेत की जाड रंगाखाली बुजवू नयेत. २०२१ साली मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने, पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूप राखलेल्या वाहनांना ‘व्हीए’ ही स्वतंत्र नोंदणी-मालिका मिळाली आहे. मूळपणा हेच तेथे मोल.

गिअरबॉक्स : अबोल सेवक

इंजिन आवाज करून आपले दुखणे सांगते. गिअरबॉक्स पुष्कळ काळ मुकाट सोसतो. त्याच्याकडे जाण्यासाठी गाडी भक्कम स्टँडांवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. बाहेरचा मळ काढताना वरची श्वासनलिका, म्हणजे हवेचे बारीक छिद्र, मोकळे करावे. ते बुजले की आतला दाब वाढतो आणि ऑईलसीलमधून तेल पाझरू लागते.

तेल बदलायचे असेल तर भरण्याचा बोल्ट आधी उघडून पाहावा. तो जाम असेल आणि तेल आधीच सोडून दिले असेल, तर गाडी जागीच अडकून पडते. सोडलेले तेल बोटांवर घेऊन तपासावे. दुधाळ रंग दिसला तर पाणी शिरले आहे. बारीक करडा चुरा झिजेचा असतो, पण पितळेचे किंवा पोलादाचे कण दिसले तर अनुभवी मिस्त्रीला दाखवावे. जुन्या गिअरबॉक्समधील पितळी कड्यांना काही नव्या तेलांतील द्रव्ये मारक ठरतात. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल भरावे. क्लचजवळची धूळ फुंकून उडवू नये. जुन्या क्लच-प्लेटांत अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ती ओल्या फडक्याने टिपावी.

निर्माल्य आपण पायदळी येऊ देत नाही. निघालेले काळे तेल हेही एक प्रकारचे निर्माल्यच. ते गटारात ओतले तर नदीला पोचते, आणि जिला आपण माता म्हणतो तिलाच मलिन करते. डब्यात साठवून ते अधिकृत संकलकाकडे किंवा ते घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

मग पूजा

सर्व भाग सुकल्यावर बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे, गळती नाही याची खात्री करावी आणि मगच पूजा मांडावी. द्रावणाचा वास पूर्ण गेलेला असावा. निरांजन, उदबत्ती आणि कापूर बॉनेटखाली नेऊ नयेत. आरती चार पावले दूर उभे राहून करावी. हार रेडिएटरची जाळी झाकणार नाही असा बांधावा आणि निघताना काढावा. नारळ बंपरवर न फोडता जमिनीवर वाढवावा.

अभ्यंगात आधी तेल, मग उटणे, मग स्नान आणि शेवटी वस्त्र-अलंकार असा क्रम असतो. यंत्राच्या बाबतीत मळ आधी जातो आणि तेल शेवटी भरले जाते. एवढाच क्रमात फरक, भाव तोच. घरातील मुलांच्या हातीही एक कोरडे फडके द्यावे. यंत्र कसे चालते हे पाहत पाहत ज्याने ते पुसले, त्याला पूजेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मग दशमीला आपट्याचे सोने घेऊन सीमोल्लंघनास निघालेली ती मोटार सुखरूप घरी परतेल, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.