फुंकवाद्यांची ओळख, लेखांक १२ : चाळिशीनंतरचा ट्यूबा

ट्यूबा हे बहुतेक वादकांचे पहिले वाद्य नसते. कॉर्नेट, ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेटवर हात बसलेला वादक वय वाढल्यावर, किंवा बँडमध्ये बास वाजवणारा कमी पडला म्हणून, या सर्वांत खालच्या सुराच्या वाद्याकडे येतो. धामणगाव बढे ज्या मोताळा तालुक्यात आहे, त्या घाटाखालच्या पट्ट्यातल्या लग्नाच्या बँड पार्ट्यांत ट्यूबा क्वचितच दिसतो. तिथे खालची बाजू युफोनियम सांभाळते, आणि हल्ली गाडीवरचा कीबोर्ड. इथला वादक ट्यूबाकडे वळलाच, तर त्याला मधला मुक्काम युफोनियमचाच सोयीचा.

याचे कारण नळीच्या लांबीत आहे. बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी सुमारे साडेचार फूट, युफोनियमची नऊ आणि मोठ्या ट्यूबाची अठरा. लांबी दुप्पट झाली की सूर एक सप्तक खाली जातो. म्हणजे ट्रम्पेटपासून युफोनियम एक सप्तक आणि ट्यूबा दोन सप्तके खाली. तिन्हींच्या पिस्टनचे काम मात्र एकच: पहिला दाबला की सूर एक स्वर उतरतो, दुसरा दाबला की अर्धा, तिसरा दाबला की दीड. बोटांना नवे काही शिकावे लागत नाही. इंग्लंडमधल्या ब्रास बँडनी याचा पुरेपूर फायदा घेतला. तिथे कॉर्नेटपासून ट्यूबापर्यंत जवळजवळ सर्वांचे स्वरलेखन एकाच पद्धतीने होते, त्यामुळे कॉर्नेटवाला ट्यूबा घेऊन बसला तरी कागद त्याला ओळखीचा वाटतो.

खरी अडचण ओठांची. ट्रम्पेटच्या मुखनळीचे तोंड आतून साधारण १६ ते १७ मिलिमीटर असते, ट्यूबाचे ३२ च्या आसपास. वरच्या सुरांसाठी वर्षानुवर्षे ताणून धरलेले ओठ इथे सैल सोडावे लागतात. ही सवय मोडायला वेळ लागतो. पण ज्याचे पुढचे दात हलू लागले आहेत किंवा ओठ दाब सोसत नाहीत, त्याला हाच बदल वाजवण्याची आणखी कित्येक वर्षे मिळवून देऊ शकतो, कारण रुंद कडेवर दाब पसरतो.

क्लॅरिनेट किंवा सनई वाजवणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्यांच्या वाद्यात पत्ती थरथरते, ट्यूबात स्वतःचे ओठ. शिवाय सनईला थोडी हवा जोराने लागते, ट्यूबाला भरपूर हवा सैलपणे. अशा वादकाने सुरुवातीला नुसत्या मुखनळीवर ओठ थरथरवायचा सराव करावा आणि मग मधल्या सप्तकातले लांब सूर धरावेत. अगदी खालचे सूर नंतर. लय आणि सुराचा कान मात्र तो सोबत घेऊन येतो, आणि बासच्या कामात तोच सर्वांत मोलाचा.

वाढत्या वयात फुप्फुसांची क्षमता घटते, म्हणून ट्यूबा झेपणार नाही, ही भीती अनेकांना असते. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राचे आर्नल्ड जेकब्स यांचे उदाहरण इथे फार महत्त्वाचे आहे. ब्यूगल, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन असा प्रवास करत ते लहानपणीच ट्यूबाकडे आले. पुढे आजारपणामुळे त्यांची फुप्फुसे बरीच कमी हवा घेत, तरीही १९४४ ते १९८८ अशी ४४ वर्षे त्यांनी तिथे वादन केले. मोठ्या आवाजातला खालचा सूर काही सेकंदांत छाती रिकामी करतो. तेव्हा श्वास साठवून ठेवण्यापेक्षा तो वारंवार आणि मोकळेपणाने घेणे, गाण्याच्या ओळीत त्याच्या जागा आधीच ठरवणे, हे जास्त उपयोगी.

वजनाचाही विचार हवा. पितळी ट्यूबा दहा किलोंच्या आसपास किंवा त्याहून जड असतो. वरातीत चालताना खांद्यावर घ्यायचा सूझाफोन बरा, फायबरचा असेल तर अधिक हलका. घरच्या सरावाला खुर्ची आणि स्टँड पुरे. घाटाखालच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नळीतली हवा तापली की सूर चढतो. अशा वेळी जुळवणीची नळी थोडी बाहेर ओढून, वाद्य सावलीत ठेवून, पुन्हा सूर लावून घ्यावा लागतो.