डीव्हीडी आहे, संगणकही आहे. मग चित्र का दिसत नाही?

हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाला लागून असलेल्या वाकडमध्ये लॅपटॉप नसलेले घर विरळाच. याच घरांतील कपाटांत लग्नाच्या, मुंजीच्या आणि आवडत्या नाटकांच्या डीव्हीडी जपून ठेवलेल्या आढळतात. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने अवघ्या ३४ रुपयांत चित्रपटांची डीव्हीडी बाजारात आणली आणि या तबकड्या मध्यमवर्गीय घरांत सहज पोहोचल्या. आज मात्र नव्या संगणकावर त्या पाहू गेल्यास निराशाच पदरी पडते.

याची कारणे दोन. पहिले म्हणजे, बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी घालण्याची सोयच नसते. त्यावर यूएसबीने जोडता येणारा बाह्य डीव्हीडी ड्राइव्ह हा सोपा उपाय आहे. परंतु ड्राइव्ह जोडल्यावरही चित्र दिसेलच असे नाही. कारण दुसरी अडचण सॉफ्टवेअरची आहे.

डीव्हीडीवरील चित्रे ‘एमपेग-२’ या पद्धतीने संक्षिप्त केलेली असतात. ती उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी संगणकामागे परवाना शुल्क द्यावे लागत असे. विंडोज ७ च्या होम प्रीमियमसारख्या आवृत्त्यांत ही सोय अंतर्भूत होती. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने ती काढून घेतली, तर २०१५ च्या विंडोज १० मध्ये मीडिया सेंटरही उरले नाही. त्याऐवजी कंपनीने वेगळे सॉफ्टवेअर विकण्यास ठेवले.

विनामूल्य पर्याय

ते विकत घेण्याची मात्र गरज नाही. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून ‘व्हीएलसी’ हे सॉफ्टवेअर साकारले. २००१ पासून ते मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. ‘व्हिडिओलॅन’ या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच ते उतरवून घ्यावे; त्याच नावाने अन्यत्र मिळणाऱ्या प्रतींत नको ते कार्यक्रम मिसळलेले असू शकतात. ‘मीडिया’ या यादीतील ‘ओपन डिस्क’ हा पर्याय निवडला की तबकडी सुरू होते. सुरुवातीच्या मेनूवरच ती अडकल्यास ‘नो डिस्क मेनूज’ या चौकटीत खूण करावी.

प्रदेशाचे कुलूप

व्यावसायिक डीव्हीडींना जगाच्या विभागणीनुसार क्रमांक दिलेले असतात. भारताचा क्रमांक ५, तर अमेरिकेचा १. परदेशातील नातेवाइकांनी पाठविलेली तबकडी लावताच संगणक प्रदेश बदलण्याविषयी विचारतो. तेव्हा घाईने होकार देऊ नये. ड्राइव्हचा प्रदेश केवळ पाच वेळा बदलता येतो. त्यानंतर तो कायमचा निश्चित होतो.

अशा तबकड्यांवर बहुधा सांकेतिक कुलूपही असते. १९९९ मध्ये नॉर्वेतील जॉन लेक योहानसेन या किशोरवयीन तरुणाचे नाव हे कुलूप उघडणाऱ्या सॉफ्टवेअरशी जोडले गेले. त्याच्यावर खटला भरण्यात आला. २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनुसार स्वामित्वहक्काचा भंग करण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

घरच्या तबकड्यांचे काय?

लग्नसमारंभाच्या तबकड्यांवर सहसा असे कुलूप नसते. त्यातील ‘व्हिडिओ टीएस’ हा संपूर्ण फोल्डर संगणकावर उतरवून घेतला तरी पुरते. एका थराच्या तबकडीला ४.७ जीबीपेक्षा अधिक जागा लागत नाही. ‘हँडब्रेक’ या विनामूल्य सॉफ्टवेअरने त्याची मोबाइलवर चालणारी लहान फाइलही करता येते.

हे काम लांबणीवर टाकणे मात्र धोक्याचे. घरी वा स्टुडिओत भरलेल्या तबकडीतील माहिती रंगद्रव्याच्या थरावर नोंदलेली असते आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांमुळे तो थर खराब होतो. चित्रपट पुन्हा मिळू शकेल. आजोबांचा आवाज असलेली एकमेव तबकडी गेली, तर कोणतेही सॉफ्टवेअर तो परत आणू शकणार नाही. म्हणून आधी घरच्या तबकड्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी करून ठेवाव्यात आणि मगच चित्रपटांकडे वळावे.