आकडा कोडचा की टूलचा?

रिसर्चची तयारी करणाऱ्यांपैकी बरेच जण कोडची गुणवत्ता मोजायची म्हटलं की आधी टूल शोधतात. टूल चालवलं, एक्सेल शीटमध्ये आकडे आले, की लगेच कोरिलेशन काढायला बसायचं. पण त्या आकड्यात नेमकं काय मोजलंय?

सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटीच घ्या. थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये ती मांडली. ढोबळमानाने, फंक्शनमधले निर्णय मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. आता पायथनमध्ये एक छोटं फंक्शन लिहा: एकच 'इफ', पण त्यात 'अँड'ने जोडलेल्या दोन अटी. फ्लेकएटमधलं मॅककेब नावाचं प्लगइन सांगेल २, आणि रेडॉन सांगेल ३. दोन्हीत बग नाही हो! रेडॉन 'अँड'ला वेगळा निर्णय धरतं, प्लगइन धरत नाही. गंमत म्हणजे मूळ पेपरात मॅककेब यांनी जोडअटी वेगळ्या मोजायला सांगितल्या होत्या. आणि १० ही प्रसिद्ध मर्यादाही त्याच पेपरातली. म्हणजे मर्यादा तिथली घ्यायची आणि मोजणी दुसरीच करायची, असं आपल्याकडून नकळत होतं.

क्लासच्या पातळीवर तर फरक आणखी मोठा. चिदंबर आणि केमेरर यांच्या १९९४ च्या पेपरात डब्ल्यूएमसी म्हणजे क्लासमधल्या सगळ्या मेथड्सच्या कॉम्प्लेक्सिटीची बेरीज. पण ती कॉम्प्लेक्सिटी कशी मोजायची हे त्यांनी मुद्दामच मोकळं ठेवलं. सीकेजेएम प्रत्येक मेथडला १ धरतं, म्हणजे उरते फक्त मेथड्सची संख्या. पीएमडी सायक्लोमॅटिकची बेरीज करतं. नाव एकच, मोजमापं दोन. २००८ मध्ये लिंके, लुंडबर्ग आणि लोवे यांनी अशी टूल्स शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा त्याच कोडवर वेगवेगळे निकाल मिळाले.

त्यामुळे थिसिसमध्ये 'डब्ल्यूएमसी मोजला' एवढं लिहून भागत नाही. टूल, व्हर्जन आणि व्याख्या, तिन्ही लिहा. त्याआधी दहा फंक्शन्स हाताने मोजून टूलशी ताडून बघा. कंटाळवाणं आहे, पण एका दुपारचं काम.

आणि एक, क्लासचा आकार. मोठ्या क्लासमध्ये बग जास्त सापडतात आणि बहुतेक मेट्रिक्सही तिथे वाढतात. एल इमाम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आकाराचा परिणाम वेगळा काढला, तेव्हा त्यांनी तपासलेल्या मेट्रिक्सचा बग्जशी दिसणारा संबंध उरलाच नाही. तुमच्या मॉडेलमध्ये ओळींची संख्या नसेल, तर व्हायवामध्ये पहिला प्रश्न तोच येईल.