आकाशातून दिसणारी इगतपुरी

इतिहासाच्या तासाला एकदा मी फळ्यावर दोन रंगीत चित्रे लावली. एक होते ख्यातनाम चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्राची प्रतिकृती, तर दुसरे उपग्रहाने टिपलेले आपल्या इगतपुरी परिसराचे छायाचित्र. यांपैकी चित्रकाराचे कोणते, असे विचारताच अनेकांनी उपग्रहाच्या छायाचित्राकडे बोट दाखविले. मुलांची ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. या साम्यामागे कारणे आहेत.

पहिले कारण पाहण्याच्या जागेचे. जमिनीवर उभे राहून पाहताना क्षितिज दिसते. जवळचे मोठे आणि दूरचे लहान भासते. सरळ वरून पाहिले की क्षितिजच उरत नाही. शिल्लक राहतात ते आकार, रेषा आणि रंग. अमूर्त चित्रकार जे जाणीवपूर्वक वगळतो, ते उंचीमुळे आपोआप वगळले जाते.

दुसरे कारण रंगांचे. १९७२ सालच्या पहिल्या लँडसॅटप्रमाणेच भारताचा आयआरएस-१ए हा १९८८ साली सोडलेला उपग्रहही डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपत असे. हिरवी पाने हे किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात आणि छायाचित्रात त्यांना लाल रंग देण्याची प्रथा आहे. म्हणून अशा छायाचित्रात घाटातील गर्द झाडी लालभडक, तर दारणा आणि मुकणे धरणांचे जलाशय काळेनिळे दिसतात. तेथेही रंगांची योजना माणसाचीच असते.

तिसरे कारण घडणीचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले; पुढे पावसाने व नद्यांनी ते कोरून काढले. धरणाचे पाणी प्रत्येक ओहोळात शिरते, म्हणून जलाशयाला फांद्या फुटल्यासारख्या दिसतात. नागपूरला जन्मलेले गायतोंडे (१९२४–२००१) रोलरने रंगांचे थर देत आणि सुरीने ते खरवडत. झेन बौद्ध विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. थर चढविणे आणि खरवडणे हीच क्रिया निसर्गात कोट्यवधी वर्षे चालते, तर चित्रकाराच्या हातून काही दिवसांत घडते.

एवढे समजावून झाल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, यात आमचा पाडा कुठे आहे?”

मी शोधू लागलो, पण पाडा सापडेना. लँडसॅटच्या अलीकडच्या छायाचित्रांतही साधारणपणे एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे ३० मीटर लांब-रुंद चौकोन. तेवढ्या जागेत घर, अंगण, विहीर हे सारे मिसळून एकच रंग होतो. गायतोंड्यांच्या चित्राला ‘यात काय आहे?’ असा प्रश्न विचारण्याची गरज नाही. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते स्वतःच म्हणत. पृथ्वीच्या छायाचित्राला मात्र तो प्रश्न विचारलाच पाहिजे. जलाशयाच्या सुंदर आकाराखाली कुणाची तरी शेते बुडालेली असतात.

इतिहासातही असेच घडले आहे. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने भारतीय खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले आणि आपल्याकडील अनेकांनी ते चित्र डोक्यावर घेतले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यांचे हे गुणगान परखडपणे नाकारले. दुरून एकसंध दिसणाऱ्या त्या गावात वेशीबाहेरची वस्ती होती, वेगळा पाणवठा होता. ते त्यांनी भोगलेले होते.

म्हणून उंचीवरून दिसणारे सौंदर्य खोटे ठरत नाही. ते अपुरे असते. भगवान बुद्धांच्या धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात; म्हणजे या आणि स्वतः पाहा. शिक्षणाने आपल्या मुलांना उंच न्यावे. पण ‘आमचा पाडा कुठे आहे?’ हा प्रश्न तेथे पोहोचल्यावरही त्यांच्या ओठी असावा.